७०-२०० घ्यायची म्हणजे नुसता संताप

मला कॅमेऱ्याची एक लेन्स हवी आहे. ७०-२००, म्हणजे ७० ते २०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी झूम; आणि एफ/२.८, म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी. यात न कळण्यासारखं काय आहे? नाटकाचे फोटो काढायचेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या, हौशी संस्थांचे प्रयोग, रंगीत तालमी. फ्लॅश मारायचा नाही, मारूच नये. स्टेजजवळ जाता येत नाही. दहाव्या-बाराव्या रांगेच्या कडेला भिंतीला टेकून उभं राहायचं आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने जेवढा उजेड दिलाय तेवढ्यात चेहरा पकडायचा. गेले कित्येक महिने हे मी दुकानात, ओळखीपाळखीत, सगळीकडे सांगतेय आणि जो तो माझ्या गळ्यात दुसरंच काहीतरी मारायला बघतोय!

“मॅडम, ७०-३०० घ्या की. शंभर एमएम जास्त मिळतात आणि पैसेही वाचतात.” अहो, त्या शंभर एमएमचं मी काय करू? दोनशेच्या पुढे गेलं की तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ/५.६ किंवा त्याहून बारीक (आकडा मोठा तितकं भोक लहान). एफ/२.८ च्या मानाने उजेड सरळ एक चतुर्थांश! जिथे सेकंदाच्या १/२५० शटरला फोटो निघाला असता तिथे १/६० ला यावं लागतं, आणि १/६० ला नटाने नुसती मान वळवली तरी डोळे पुसले जातात. शटर तेवढंच ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० चा १२८०० करा आणि मागच्या काळ्या पडद्यावर रंगीत दाण्यांचा सडा बघत बसा. हे काही गुपित नाही, कॅमेरा विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. माहीत असूनही ७०-३०० पुढे सरकवतो, कारण ती काउंटरवर पडून आहे आणि माझी मागवावी लागणार आहे.

दुसरा म्हणतो एफ/४ घ्या, यात स्टॅबिलायझेशन जबरदस्त आहे, पाच स्टॉपचं (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं). किती वेळा सांगायचं? स्टॅबिलायझेशन माझा हात स्थिर करतं, समोरचा नट नाही! मी १/१५ ला कितीही घट्ट कॅमेरा धरला तरी स्टेजवरचं टेबल कडक शार्प येईल आणि टेबलामागे रडणारी बाई धुरासारखी दिसेल. मला टेबलाचा फोटो नकोय.

आणि ते वजन! “झेपेल का तुम्हाला?” हा प्रश्न मी लेन्सचं नाव घेतल्याबरोबर येतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला कोणी विचारत नाही. कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या आणि ट्रायपॉड खांद्याला लावून मी बाल्कनीचे जिने चढते तेव्हा कोणाला काळजी वाटलेली मी पाहिली नाही. वजनाचंच बोलायचं तर कंपन्यांना विचारा. सोनीची २०१६ ची ७०-२०० एफ/२.८ होती १४८० ग्रॅमची, २०२१ साली तिचीच दुसरी आवृत्ती आली १०४५ ग्रॅमची. पाच वर्षांत ४३५ ग्रॅम उतरले. पण किंमत? ती दोन लाखांच्या पुढे.

खरा संताप इथून पुढे आहे. लोक म्हणतात, बाजारात एवढ्या लेन्स आहेत, निवडा एक. निवडा कुठून? बॉडी घेतली त्या दिवशीच ही निवड संपलेली असते, कारण प्रत्येक कंपनीचं माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, वेगळं. कॅननची आरएफ माउंटची फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी असेल तर नुसत्या लेन्ससाठी लोक ज्यांच्याकडे वळतात त्या टॅमरॉनची ७०-१८० किंवा सिग्माची ७०-२०० तुमच्यासाठी बनलेलीच नाही. २०२४ साली सिग्मा आणि टॅमरॉनच्या ज्या लेन्स आरएफवर आल्या त्या छोट्या सेन्सरसाठीच्या. म्हणजे कॅननचीच घ्या. बरं, कॅननची घेतली. २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८, सुंदर लेन्स, १०७० ग्रॅम. तिला टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून पल्ला वाढवणारा जोड, बसतच नाही! कॅननच्याच जुन्या ईएफ माउंटच्या ७०-२०० ला वर्षानुवर्षं बसत होता तो कन्व्हर्टर. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी २०२४ मध्ये वेगळी लेन्स आली, आणखी महाग. आधीच्या लेन्सवर ज्यांनी पैसे ओतले त्यांनी काय करायचं?

सोनीवाले म्हणतील आमचं माउंट दुसऱ्या कंपन्यांनाही खुलं आहे. अर्धवट खुलं! सिग्माची ७०-२०० एफ/२.८ स्पोर्ट्स २०२३ मध्ये आली. तीच लेन्स, तीच काच. एल माउंटची (पॅनासॉनिक, लायकाच्या बॉड्यांवर बसणारी) घेतलीत तर सिग्माचा टेलिकन्व्हर्टर चालतो, सोनीच्या ई माउंटची घेतलीत तर चालत नाही. आणि सेकंदाला तीस फोटो काढणाऱ्या सोनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची लेन्स चढवली की वेग पंधरावर अडकतो. नाटकाला मला तीस लागत नाहीत, पण कबड्डीचे सामने काढणाऱ्या माझ्या मित्राला लागतात, आणि त्याने टॅमरॉनची ८५५ ग्रॅमची ७०-१८० लाखाच्या आसपास पैसे मोजून घ्यावी तर बॉडीचा निम्मा वेग गेला. बॉडीचे पैसे त्याने पूर्ण भरले होते ना?

निकॉनने २०२३ मध्ये झेड माउंटची हलकी ७०-१८० एफ/२.८ आणली, आठशे ग्रॅमच्या आत. वाटलं, चला, कोणीतरी आपल्यासारख्यांचा विचार केला. तर लेन्समध्ये स्टॅबिलायझेशनच नाही. झेड ५० सारखी बॉडी असेल, जिच्या आतही ते नाही, तर १८० एमएमवर व्ह्यूफाइंडर थरथरत राहणार आणि फोकसचा चौकोन डोळ्यावर ठेवायचा म्हणजे श्वास रोखून बसायचं. प्रत्येकाने एकेक गोष्ट काढून ठेवलीये. एकाने कन्व्हर्टर, एकाने वेग, एकाने स्टॅबिलायझेशन. आणि हे चुकून झालेलं नाही. महागडी लेन्स विकली जावी म्हणून स्वस्त लेन्स जाणूनबुजून अपुरी ठेवली जाते, असंच मला वाटतं.

रिव्ह्यू बघावेत तर तो वेगळाच वैताग. विटांची भिंत, चार्ट, कोपऱ्यातला शार्पनेस चारशे टक्के मोठा करून. आणि मग बागेत टळटळीत उन्हात एक मुलगी, मागे लोण्यासारखं बोके, म्हणजे धूसर झालेली पार्श्वभूमी. एफ/२.८ ची लेन्स उन्हात तपासून काय कळणार? दिव्यावर लावलेल्या लाल जेलच्या (रंगीत कागदाच्या) उजेडात, अर्धा चेहरा काळोखात असताना ऑटोफोकस डोळा पकडतो की मागच्या पडद्यावर जातो, एवढंच मला बघायचंय. ते कोणी दाखवत नाही.

मग म्हटलं आपणच बघू. दुकानदाराला सांगितलं, एक संध्याकाळ लेन्स द्या, डिपॉझिट घ्या, ओळखपत्र ठेवा, तुमचा माणूस सोबत पाठवा. नाही. ट्यूबलाइटखाली, काउंटरच्या अलीकडे उभं राहून समोरच्या शोकेसचे चार फोटो काढा, बस्स. मी सांगलीत राहते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावात एफ/२.८ ची लेन्स नाटकाच्या उजेडात तपासायला मिळू नये? भाड्याने पुण्याहून मागवावी तर येण्याजाण्याच्या दिवसांचंही भाडं माझ्याच माथी. आणि वर तोच दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, बिलाशिवाय घेतलीत तर बरेच कमी करतो. म्हणजे वॉरंटी गेली आणि उद्या लेन्सची फोकसची मोटर अडकली तर ओळखसुद्धा दाखवणार नाही.

राहिला सेकंडहँडचा रस्ता. तो वाईट नाही. कॅननची जुनी ईएफ ७०-२०० ॲडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर उत्तम चालते. पण विकणारे! “एकदम मिंट कंडिशन” म्हणून फोटो पाठवायचे, तेही समोरून, झाकण लावून. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काचेत फंगस (बुरशी) धरायला आमंत्रणच, विशेषतः लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवली असेल तर. टॉर्च मारून आतली काच बघू का म्हटलं की लगेच, “विश्वास नाही का ताई?”

नाही! अजिबात नाही. झाकण काढा, मागून टॉर्च मारा, ॲपर्चर पूर्ण उघडा, झूमची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवा, बिलावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवून दाखवा. मगच पैशांचं बोलू.