चौदा किलोमीटर समुद्र

इंग्लंडातून आपल्याच गाडीने निघायचं, फ्रान्स आणि स्पेन उभे पार करायचे आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून थेट मोरोक्कोत उतरायचं, असं मी एका रविवारी जेवता जेवता जाहीर केलं. दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता आणि शेवटी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर समुद्र.

बायकोने भात कालवता कालवता विचारलं, "समुद्राखालून नाही का जाता येत?"

"इंग्लंड-फ्रान्समध्ये येतं. १९९४ सालीच बोगदा झालाय. गाडी आगगाडीत चढवायची, पस्तीस मिनिटांत पलीकडे."

"आणि तिकडे खाली?"

"तिकडे बोगद्याची नुसती चर्चा आहे. कित्येक वर्षं."

"मग राहू दे," ती म्हणाली.

तिच्या 'राहू दे'चा नेमका अर्थ मला अजून लागलेला नाही. मी 'बोगदा राहू दे' असा सोयीचा अर्थ घेतला आणि दोन्हीकडे बोटच नक्की केली. बिचारी पाण्याला घाबरते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण भीती घालवायलाही बोटीसारखा उपाय नाही. जहाजाच्या पोटात गाडी लावायची, वर डेकवर कठड्याला रेलून उभं राहायचं, वाऱ्याने केस उडू द्यायचे. (केसांचा मुद्दा तिने लगेच खोडून काढला.)

मेहुण्याला यात घेतलं ती माझी पहिली चूक. त्याने चौदा रकान्यांचं एक्सेल शीट केलं. त्यातला तेरावा रकाना 'भावोजींनी काय विसरलं' असा होता आणि तोच सगळ्यात भराभर भरत गेला. व्हिसाला बोटीचं तिकीट हवं, तिकिटाला तारखा हव्यात आणि व्हिसा हातात आल्याशिवाय तारखा ठरवायच्या कशा, या रिंगणात मी तीन आठवडे फिरलो. शेवटी अर्ज भरला, तर मेहुणा म्हणाला, "भावोजी, फ्रान्स-स्पेनला मिळून एकच व्हिसा आणि तुम्ही तो एकदाच आत शिरायचा मागितलाय. स्पेनमधून बाहेर पडलात की तो संपला. मोरोक्कोतल्या टँजिअरहून परत स्पेनमध्ये कसे येणार?"

म्हणजे आमचा कार्यक्रम सहलीचा नसून आफ्रिकेत स्थायिक होण्याचा होता. तेरावा रकाना, ओळ नववी.

मग गाडीचा विमा. परदेशात गाडी नेताना ग्रीन कार्ड म्हणून एक कागद लागतो, निदान मोरोक्कोत तरी लागतोच. २०२० पासून तो पांढऱ्या कागदावरही छापलेला चालतो, त्यामुळे आमचं ग्रीन कार्ड पांढरंशुभ्र आलं. त्यावर देशांची आद्याक्षरं असतात आणि विमा कंपनीला जे देश नकोत त्यांच्यावर काट मारलेली असते. मोरोक्कोच्या 'एमए'वर ठळक काट होती. फोन लावला. पाऊण तास सतारीसारखं काहीतरी ऐकवल्यावर एक बाई आल्या.

"मोरोक्को का खोडलंय?"

"तिकडे सहसा कुणी गाडी घेऊन जात नाही."

"मी जातोय ना."

"हो, म्हणूनच असेल."

तिथल्या बंदरावर उतरल्यावर तिथला विमा विकत मिळतो, हे मेहुण्याला आधीपासून माहीत होतं. त्याने ते मला फोनआधी सांगितलं नाही, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

खरेदीत मी मागे नव्हतो. एका जुन्या मार्गदर्शिकेत वाचलं, की फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत दारू तपासायची नळी हवी. एक नळी वापरली की गाडीत नळी उरत नाही, म्हणजे पुन्हा नियमभंग. म्हणून शहाण्याने दोन बाळगाव्यात. मी अतिशहाणा, चार घेतल्या. नंतर कळलं, की हा नियम २०१२ सालचा, त्याचा दंड कधी लागूच झाला नाही आणि २०२० साली नियमच गुंडाळला. मागच्या काचेवरचं 'जीबी'चं स्टिकरही बाद निघालं. २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथे 'यूके' लागतं. जुनं स्टिकर मी नखाने खरवडून काढलं. 'जी' निघाला. 'बी' अजून आहे.

आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि पलीकडे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणार. म्हणजे दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून हेडलाइटवर पट्ट्या चिकटवायच्या. शिवाय पुढच्या ट्रकपलीकडचा रस्ता मला दिसणार नाही, तो डावीकडे बसलेल्या बायकोला दिसणार. टोलनाक्याची खिडकीही तिच्याच बाजूला येणार. थोडक्यात, ओव्हरटेक केव्हा करायचं ते ती ठरवणार, पैसे ती देणार, नकाशा ती बघणार आणि गाडी मी चालवणार. तिला यात नवीन काय ते कळेना.

बोटीच्या अर्जात गाडीची लांबी-उंची विचारतात. टपावरच्या रूफ बॉक्ससकट. गाडीच्या पुस्तकात नुसती गाडीची उंची होती. रात्री साडेनऊला आम्ही दोघं टेप घेऊन खाली उतरलो. टेप टपाजवळ गेला की वाकायचा. मग बायकोने वरून केरसुणी आणली, ती बॉक्सवर आडवी ठेवली आणि केरसुणीच्या टोकापासून जमिनीपर्यंत मी टेप सोडला. पहिल्यांदा भरली एक मीटर शहाण्णव. दुसऱ्यांदा दोन मीटर तीन. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गॅलरीत येऊन बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "केरसुणी तिरकी आहे." तिसऱ्यांदा एक मीटर नव्व्याण्णव. मी दोन मीटर लिहिले. तेव्हा बायको म्हणाली, "चाकांत हवा कमी आहे ना?"

स्पेनच्या दक्षिण टोकाच्या तारिफाहून बोट टँजिअर शहराच्या बंदरात जाते. तिथल्याच अल्जेसिरास बंदरातून सुटणाऱ्या बोटी जातात 'टँजिअर मेड' या दुसऱ्याच बंदरात, जे शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. मी तिकीट काढलं मेडचं आणि हॉटेल शहरातलं. (ओळ सत्ताविसावी.) ते बदललं. बदलल्यावर वेळांचा घोळ. तारिफाहून टँजिअरला साधारण तास लागतो आणि उन्हाळ्यात स्पेनचं घड्याळ मोरोक्कोच्या तासभर पुढे असतं. म्हणजे दहाला निघालं की पोचायचं दहालाच. मला हे फार आवडलं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, "बोटीत आपण वेळ घालवणारच नाही!"

बायको काही बोलली नाही. ती याद्या करत होती. "बोट सुटली की खाली गाडीपाशी जाऊ देत नाहीत ना?"

"नाही. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, अलार्म बंद करायचा आणि वर यायचं. मग पलीकडे पोचेपर्यंत तिथे कुलूप."

"मग गोळ्या माझ्या पर्समध्ये ठेवते. आणि चार पिशव्या."

आता धीर द्यायची वेळ आली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तासाचा तर प्रश्न. मी शेजारी असेन. लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. बोट लागणं हे बरंचसं मनाचंच असतं."

तिने पेन खाली ठेवलं.

"अहो, तळ्यातल्या त्या पायडल मारायच्या बदकात कोण ओकलं होतं?"