‘पाच रात्रींत नाकावर जखम’ : तुमच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना रात्रभर दाबाने हवा देणारं जे सीपॅप मशीन असतं, त्याचा तोंड-नाक दोन्ही झाकणारा (फुल फेस) मास्क तुम्ही बाबांसाठी आमच्याकडून नेलात. त्याचा रिव्ह्यू वाचला. बाबांच्या नाकाच्या हाडावर पाच रात्रींत जखम, डोळ्यांत वारा, पुढून सतत सुटणारी हवा, चुंबकाबद्दल दुकानात एक अवाक्षर नाही, आणि वर ‘उघडलेला मास्क परत घेत नाही’ हे उत्तर. साडेनऊ हजार मोजून हे पदरात पडलं तर एक स्टारसुद्धा जास्तच. दुकानाची बाजू मांडण्यासारखं फार नाही. जे झालं ते का झालं आणि आता काय करायचं, तेवढं लिहितो. काकांचा, म्हणजे तुमच्या बाबांचा, रिपोर्ट आणि त्यांच्या दाबाचे आकडे इथे चारचौघांत लिहिणार नाही.

आधी एक काम, आज रात्री मास्क लावायच्या आत. मास्कच्या पुढच्या कोपरावरच्या (नळी जोडतो त्या वळणदार तुकड्यावरच्या) बारीक भोकांना तुम्ही टेप लावल्याचं लिहिलंय. ती काढा. तिथून हवा सुटते म्हणून पीस डिफेक्टिव्ह ठरत नाही, ती सुटायलाच हवी. सीपॅपला नळी एकच, आणि ती हवा आत आणणारी. सोडलेला श्वास बाहेर जातो तो या भोकांतूनच. १० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला (मशीनचा दाब याच मापात मोजतात) मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा तिथून जाते आणि मशीन तो हिशेब धरूनच चालतं. भोकं बुजली की कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच कोंडतो आणि तोच पुन्हा आत ओढला जातो. थंडीत गोधडी तोंडावरून घेऊन झोपणाऱ्यांचंही हेच होतं. झोत काकूंच्या अंगावर येत असेल तर कोपर गोल फिरतो, तो दुसऱ्या बाजूला वळवा.

त्याच कोपरात एक पातळ झडप असते. मशीन चालू असताना ती मिटलेली राहते, लाइट गेली की उघडते आणि खोलीतली हवा आत येते. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला ही झडप असतेच. धुतल्यावर ती जागेवर आहे ना, हलते ना, हे बघितल्याशिवाय मास्क जोडू नका. फाटलेली किंवा चिकटून बसलेली दिसली तर त्या रात्री तो मास्क वापरायचा नाही.

आता जखम. ‘कडक, हलक्या दर्जाचं सिलिकॉन’ असं तुम्ही लिहिलंय. सिलिकॉन ठीक आहे. जखम झाली पट्टे आवळल्यामुळे, आणि पट्टे आवळावे लागले कारण माप आमच्याकडून चुकलं. कुशनच्या, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाच्या, कडेचा आतला पडदा अगदी पातळ असतो. हवा भरली की तो फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर बसतो. म्हणजे मास्क हवेवर तरंगत राहायला हवा, चेहऱ्यावर रुतायला नको. पट्टा ओढला की पडदा चुरगळतो, सुरकुतीतून हवा सुटते, माणूस आणखी ओढतो. नाकाच्या हाडावर मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे सगळा भार तिथल्या कातडीवर येतो. सकाळी उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला तर काळजी नाही. कातडी सोलली, ओल दिसली, की तो मास्क तसाच चालू ठेवायचा नाही. तुमच्याकडे ती वेळ आलेली आहे, त्यामुळे डॉक्टरांना दाखवा, मधुमेह असेल तर उद्याच. जखमेवर व्हॅसलीन लावून वर मास्क चढवू नका, कुशन घसरतं आणि सिलिकॉनही खराब होतं. थेरपीही मनाने बंद करू नका. जखम भरेपर्यंत नाकाच्या हाडाला टेकणारच नाही असा मास्क चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याचं कुशन नाकाच्या खालून बसतं. चालेल म्हणाले तर आमच्याकडून नवीन कुशन लावून तो तात्पुरता देतो, पैसे नाहीत.

माप कसं चुकलं? काकांना खुर्चीत बसवलं, मशीन बंद होतं, आणि कवळी तोंडात होती. हे तिन्ही नको होतं. आडवं झाल्यावर गाल मागे सरकतात, जबडा खाली येतो आणि कुशनची बैठक बदलते. मशीन बंद असेल तर पडदा फुगतच नाही, मग हवा कुठून सुटते ते कळणार कसं? आणि कवळीबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंय की बाबा ती काढून झोपतात. कवळी निघाली की ओठ आत जातात, गाल बसतात, नाकापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा आखूड होतो. दिवसा जो मीडियम बरोबर वाटला तो रात्री मोठा झाला. मोठ्या कुशनला खाली आधार मिळाला नाही, ते वर सरकलं, हवा थेट डोळ्यांत गेली. तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे.

त्यांना बहुधा स्मॉल लागेल. माप नाकाच्या हाडाच्या खोलगट भागापासून खालच्या ओठाच्या जरा खालीपर्यंत, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि ज्या अवस्थेत झोपतात त्याच अवस्थेत घ्यायचं. दोन साइजच्या मध्ये अडकलं तर आम्ही आधी लहान लावून बघतो. लहान झालं तर कुशनची कड खालच्या ओठावर चढते, ते लगेच दिसतं. मोठं झालेलं मात्र दुकानात आरामशीर वाटतं आणि घरी त्रास देतं.

घरी बसवायची रीत अशी. काकांना नेहमीच्या उशीवर आडवं करा. चारही पट्टे जवळजवळ पूर्ण ढिले. आधी हनुवटीकडून टेकवून मग नाकावर आणा आणि मशीन चालू करा. इथे बहुतेकांचं चुकतं ते रॅम्पमुळे. रॅम्प चालू असताना दाब ४ सारख्या कमी आकड्यापासून हळूहळू चढतो. त्यामुळे झोपताना सगळं छान वाटतं आणि रात्री दोनला शिट्टी वाजायला लागते. मेन्यूत ‘रन मास्क फिट’ आहे, ते दाबा. मशीन तीनेक मिनिटं पूर्ण दाब देतं. तेवढ्यात मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून सेंटीमीटरभर उचला, पडदा फुगू द्या, अलगद परत टेकवा. मग वरचे दोन पट्टे, मग खालचे दोन, डावं-उजवं सारखं, हवा थांबेपर्यंतच. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कुशीवर वळायला सांगून पुन्हा बघा. सगळं जमलं की वेल्क्रो जिथे चिकटतो तिथे पेनाने खूण करा, म्हणजे धुतल्यानंतर पुन्हा अंदाजपंचे होणार नाही. रात्री हवा सुटली तर पट्ट्याला हात लावू नका. मास्क उचलून परत टेकवा, दहांतल्या आठ वेळा तेवढ्यानेच भागतं.

तुम्ही जोडलेल्या फोटोत मशीनच्या स्क्रीनवर लाल, रुसलेला चेहरा दिसतो. रेसमेड कंपनीची ही मशीन भोकांतली हवा वजा करून फक्त जास्तीची गळती मोजते आणि हद्द मिनिटाला २४ लिटर धरते. त्याच फोटोत आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या लक्षात आलेली नाही: मास्कचा प्रकार अजून ‘नेझल’वरच आहे. जुना मास्क नाकाचा होता, नवा देताना ते ‘फुल फेस’ करायला आमचा माणूस विसरला. प्रत्येक मास्कच्या भोकांतून जाणारी हवा वेगळी, त्यामुळे मशीनचा गळतीचा हिशेबच चुकतो. सेटिंगमध्ये ‘मास्क’वर जाऊन एवढंच बदला. दाबाला हात लावू नका, तो डॉक्टरांचा.

‘मऊ फोमवाला का दिला नाही?’ फोमचं कुशन सुरुवातीला खरंच सुखद असतं. पण ते पाण्याने धुता येत नाही, नुसतं पुसायचं, आणि महिन्याभरात बदलायचं. आपल्या मे महिन्याच्या घामात ते किती टिकेल, याचा विचार करून आम्ही सुचवत नाही. सिलिकॉन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. सॅनिटायझर, डेटॉल, ऊन, काही नको. धुवायला आपल्या इंदूरचं नर्मदेचं नळाचं पाणी चालतं, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीत मात्र डिस्टिल्डच. आणि झोपण्यापूर्वी तोंड धुवायचं. रात्री डोक्याला खोबरेल चोळायची सवय असेल तर ती सकाळवर न्या. तेलाने कुशन घसरतं आणि पट्ट्यांचा ताण जातो.

चुंबकाबद्दल तुमचा राग शंभर टक्के रास्त. खालच्या पट्ट्यांच्या क्लिपांत चुंबक आहेत आणि विकताना विचारायला हवं होतं. फिलिप्सने सप्टेंबर २०२२ मध्ये आणि रेसमेडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपापल्या चुंबकवाल्या मास्कसाठी इशारे काढले. पेसमेकर, आयसीडी (हृदयाला झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र), कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतली धातूची क्लिप किंवा शंट (पाणी काढणारी नळी) असलेल्यांनी हे मास्क वापरू नयेत. फक्त लावणाऱ्याच्याच नाही, शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात असं काही असलं तरीसुद्धा. म्हणून काकूंचंही सांगा. दोघांपैकी कुणाच्याही शरीरात असं काही असेल तर आज हा मास्क लावू नका आणि डॉक्टरांना फोन करा. फिशर अँड पायकेलच्या व्हिटेरासारखे बिनचुंबकाचे, हुकांचे मास्क मिळतात. लावायला जरा वेळ लागतो, एवढंच.

परतीचं. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला मास्क आम्ही परत विकत नाही, त्यामुळे तो नियम बदलणार नाही. पण या मॉडेलची फ्रेम सगळ्या साइजना एकच, कुशन तेवढं बदलतं. स्मॉल कुशन आमच्याकडून. चुंबक चालणार नसेल किंवा स्मॉलही बसलं नाही तर दुसरा मास्क देऊ, साडेनऊ हजार पूर्ण वळते करून. ऑनलाइन हाच मास्क हजाराने स्वस्त आहे, हेही तुमचं खरं. आमच्याकडे ते जास्तीचे हजार माप घेण्याचे असतात. माप चुकलं, तेव्हा ते हजार तुमचे.

एक न विचारलेलं सांगतो, विक्रीच्या विरुद्ध जाणारं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शनात पसंती नाकाच्या मास्कला आहे, तोंड-नाक झाकणाऱ्याला नाही. फुलफेसच्या पट्ट्यांनी जबडा मागे दाबला जाऊ शकतो, जीभ मागे जाते, दाब जास्त लागतो, गळतीही जास्त. काकांचं नाक रात्री बंद होतं म्हणून तुम्ही बदल केलात. ते सर्दीने, ॲलर्जीने की नाकाच्या आतल्या वाकड्या पडद्याने, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. नाक मोकळं झालं तर जुना मास्कच पुरेल, आणि आम्हाला त्यात काही विकायचं नाही.

फुलफेस वापरात आहे तोवर जेवणाचं पथ्य पाळा. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून अकराला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाऊन बाराला मास्क, असं नको. भरल्या पोटी उलटी झाली तर ती मास्कमध्येच अडकते. घाईत मास्क एका हाताने कसा काढायचा, हे काकांकडून अंधारात चार वेळा करून घ्या. ज्याला स्वतः काढता येत नाही, त्याला हा मास्क लावायचाच नाही.

बुधवारी रात्री साडेनऊला, काकांच्या झोपायच्या वेळी, आमचा माणूस घरी येईल. बिलावरच्या नंबरावर हो-नाही कळवा. त्या दिवशी दाढी झालेली असू द्या, खुंटांतूनही हवा सुटते. जेवण साडेसातला, उशी नेहमीची, आणि कवळी डबीत.