स्मायलीचा तक्ता आणि पाचचं ट्यूशन

मागच्या आठवड्यात ताईने फोटो पाठवला, तिच्या धाकट्याच्या वर्गातला. दाराशी एक रंगीत तक्ता, प्रत्येक पोराच्या नावाचा एक खिसा, आणि रोज सकाळी आत जाताना आपल्या मूडचा स्मायली त्यात टाकायचा. हसरा, रडका, रागावलेला, झोपाळू. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय वेलबीइंग कॉर्नर. शाळा जुळे सोलापुरातली आहे, नाव घेत नाही, फी मात्र ऐकून माझ्या नवऱ्याने युरोत हिशोब केला आणि तरीही डोळे मोठे केले.

मला आवडला तक्ता, खोटं कशाला बोलू. पण मग व्हिडिओ कॉलवर भाच्याला विचारलं, आज कुठला टाकलास रे? हसरा. काल? हसरा. परवा? हसराच. म्हणलं रोजच खूश असतोस होय बे तू! तर म्हणतो, "मावशी, रडका टाकला की मिस मम्मीला फोन करतात, मग मम्मी घरी आल्यावर लई विचारत बसते."

तिसरीतलं पोर. त्याला बरोबर कळलंय की भावना दाखवली की चौकशी लागते. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसले.

मी एरलांगनला राहते, जर्मनीत, बायर्न राज्यात. माझा मुलगा पण तिसरीतच. त्याच्या शाळेत असा तक्ता नाही, निदान मला तरी दिसला नाही. शाळा आठला सुरू होते, डिसेंबरात तर सूर्य नुकता उगवत असतो तेव्हा, आणि बहुतेक दिवस एकच्या आसपास सुटते. मधल्या सुट्टीत पाऊस असो की बर्फ, सगळे बाहेर, रेनकोट घाल आणि पळ. पहिलीत मार्क नव्हते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चालत जायचं, गल्लीतली चार पोरं मिळून, आईबापाशिवाय. चौकात पिवळं जॅकेट घातलेला एखादा पालक उभा राहून गाड्या थांबवतो, ती ड्युटी पालकच वाटून घेतात. गाडीने सोडायला आलात तर शाळेकडून प्रेमाने चिठ्ठी येते, त्याला इथे एल्टर्नटॅक्सी म्हणतात, म्हणजे आईबापाची टॅक्सी, आणि शब्द कौतुकाचा नाहीये. पहिल्या महिन्यात मी झाडाआड लपून मागे मागे जायचे. पोराने पकडलं, मग बंद केलं.

आणि आम्ही तरी लहानपणी काय करत होतो? सोलापूरच्या भवानी पेठेतून आम्ही सहा-सात पोरी चालतच जायचो, वाटेत कुणाच्या तरी घरातून पॉवरलूमचा खडखडाट, कोपऱ्यावर चिंचा, दोघी तेलुगू बोलणाऱ्या, एक कन्नड. शाळेत मराठी, खेळताना जी तोंडात येईल ती. म्हणून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून एवढा धुरळा उडाला, एप्रिलमध्ये जीआर काय, जूनमध्ये सुधारित काय, आणि २९ जूनला दोन्ही मागे, तेव्हा मला सोलापूरकर म्हणून जरा हसूच आलं. सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा जड जाते का? गल्लीत शिकली तर नाही जात. पुस्तक, वही, चाचणी आणि त्याचं ट्यूशन असं आलं की जाते. त्यामुळे जीआर मागे घेतला ते बरंच झालं असं माझं मत, पण भाषा वाईट म्हणून नाही, ती आणखी एक वही झाली असती म्हणून.

शाळेच्या वेळेचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की पोरांची झोप होत नाही, वेळा बदला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. चांगलं आहे की. पण माझा मुलगा आठच्या शाळेला जातो आणि कुणी तक्रार करत नाही कारण तो रात्री आठला झोपलेला असतो. भाचा झोपतो अकराला. साडेतीनला शाळेतून येतो, पाच ते सात ट्यूशन, मग अबॅकस, मग दाजी दुकान बंद करून साडेनऊला येतात तेव्हा जेवण, मग ट्यूशनचा होमवर्क. शाळा नऊची करून तुम्ही त्याला सकाळी एक तास द्याल, संध्याकाळी कुणीतरी दुसराच तो खाऊन टाकतो. आणि उन्हाळ्यात सकाळचीच शाळा परवडते हे सोलापूरला कुणी सांगायची गरज नाही. २०२५ ला वार्षिक परीक्षा पार २५ एप्रिलपर्यंत नेल्या, म्हणे राज्यभर एकच वेळापत्रक! ज्याने ते टेबल केलं त्याला एकदा पत्र्याच्या वर्गात दुपारी एकला बसवायला पाहिजे. इकडे खूप तापलं की शाळा हित्झेफ्राय, म्हणजे उन्हाची सुट्टी, देऊन पोरांना लवकर सोडू शकते, आणि इकडचं खूप म्हणजे ३० डिग्रीच्या आसपास, आमची डिसेंबरची दुपार.

आता लगेच कुणीतरी म्हणेल झालं, गेली परदेशात आणि लागली गोडवे गायला. थांबा, दुसरी बाजू सांगते.

एक म्हणजे एकला सुटणारी शाळा कुणाच्या जिवावर चालते? माझ्या. मी सोलापुरात इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सहा वर्षं फुलटाइम नोकरी केली, इथे अर्धवेळ करते, कारण दुपारी घरी कुणीतरी पाहिजे. माझ्यासारख्या आया बिल्डिंगमध्ये भरपूर आहेत, जर्मनसुद्धा. दुपारच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क कुठे आत्ता ऑगस्ट २०२६ पासून, तोही सुरुवातीला फक्त पहिलीच्या पोरांना. ताईकडे सासूबाई आहेत, कामाला मावशी आहेत, ती बँकेत पूर्ण वेळ जाते. पोराची मोकळी दुपार पाहिजे तर तिची किंमत कुणाच्या पगारातून जाणार हे कुणी बोलतच नाही, तिकडे पण नाही आणि इकडे पण नाही.

दुसरं जास्त वाईट आहे. चौथीच्या शेवटी, म्हणजे दहाव्या वर्षी, बायर्नमध्ये पोरांची विभागणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिन्हीची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधली, नाहीतर मिटेलशूले, म्हणजे कामधंद्याकडे नेणारी. इथे १ म्हणजे सर्वात भारी आणि ६ म्हणजे गचाळ, उलटं आहे. नंतर बदलता येतं म्हणतात, येतंही, पण दहा वर्षांच्या पोराला कळतं ना आपण कुठल्या रांगेत गेलो ते. पहिलीतले ते बिनमार्कांचे गोड दिवस तिसरीत येईपर्यंत हवेत विरतात. आणि आपल्या देशी आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चाललंय सांगू? नाखहिल्फे. म्हणजे ट्यूशन. चार हजार मैल लांब येऊन आपण तेच शोधलं. मी हसले त्यांना आणि पुढच्याच शनिवारी दुकानातून गणिताचं सरावाचं पुस्तक घेऊन आले, सध्या ते कपाटात वरच्या फळीवर आहे, पोराला दिसू नये म्हणून.

तेव्हा जर्मनी बघा, फिनलंड बघा असं मी म्हणणारच नाही. बघायचंच तर आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी बघा ना. झेडपीची शाळा, तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. पुस्तकात क्यूआर कोड टाकायची त्यांची आयडिया पुढे राज्याने उचलली. आपण सगळ्यांनी स्टेटसला फोटो ठेवला, आणि पोरं घातली त्याच चकचकीत शाळेत, मी तिथे असते तर मी पण घातली असती.

मला एवढंच वाटतं की शाळेला वेलबीइंगचं विचारायचं असेल तर तक्ता आहे का, योगाचे सर येतात का हे नंतर विचारा. आधी विचारा की सुटल्यावर होमवर्क किती मिनिटांचा. आणि मग घरी येऊन स्वतःला विचारा की दिवसातला असा एक तास दाखव जो पोराचा आहे, ज्यात त्याला कुणी काही शिकवत नाही. माझ्या मुलाला रोज तीन तास मिळतात, त्यात तो करतो काय? काठीने चिखल उकरतो. गोगलगाय डब्यात घालून आणतो. कधी बोअर झालं म्हणून रडतो, आणि मी फोन देत नाही म्हणून अजून रडतो.

परवा ताईला म्हणलं, अबॅकस तरी बंद कर गं, ते एक तास त्याला खाली पार्किंगमध्ये सोड. ती म्हणाली खाली कुणी नसतंच त्या वेळेला, सगळी ट्यूशनला. मग म्हणाली, बघू, दिवाळीनंतर. मग जरा थांबून, "आणि सासूबाईंना कोण सांगणार, तू? त्यांनीच शोधलाय तो क्लास."