बेडूक समुद्रावर जातो तेव्हा

कादंबरी वाचून दाखवत चौथीच्या मुलांना 'जलीय अधिवास' शिकवायचा, ही कल्पना प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये फार गोड वाटते. तिथे पंखा चालू असतो, चहा येऊन गेलेला असतो, आणि मुख्य म्हणजे तिथे चौथीची मुलं नसतात. पडद्यावरच्या चित्रात बाई झाडाखाली पुस्तक वाचत असतात, पंधरा मुलं हनुवटीला हात लावून ऐकत असतात, मागे तळं असतं. त्या चित्रातल्या एकाही मुलाला शू लागलेली नसते.

प्रत्यक्षात मुलं चाळीस, पुस्तकाची प्रत एक, आणि तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं 'बाई, हा ढकलतोय' यात जातात.

तरी मी या पद्धतीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. परिसर अभ्यासातली पाणवनस्पतींची आणि जलचरांची यादी मुलं चाचणीपुरती पाठ करतात आणि चाचणीबरोबर सोडून देतात. कादंबरीतला बेडूक मात्र सुटत नाही. कारण त्याला नाव असतं, आई असते, एक खोडकर मित्र असतो. घोटाळाही तिथेच आहे. ज्याला नाव आहे त्याला कुणी खाल्लेलं मुलांना चालत नाही, आणि तळं म्हणजे तर एकमेकांना खाण्याची अखंड पंगत. लेखक जीव लावतो आणि तळं तो गिळून टाकतं. या दोघांच्या मधे खडू घेऊन उभ्या असतात बाई.

आधी पुस्तक. ऐंशी ते शंभर पानं, बारा-पंधरा प्रकरणं, आणि गोष्ट शक्यतो एकाच पाणवठ्यावर घडणारी असावी. गोष्टीत निदान दोन ऋतू तरी बदलले पाहिजेत, नाहीतर पाणी आटतं म्हणजे काय होतं हे सांगायला जागाच मिळत नाही. मग मुखपृष्ठ बघावं. तळ्याच्या काठी बेडूक, बेडकाशेजारी कमळ, आणि कमळाखाली तारामासा. चित्रकाराला पाणी दिसलं की तारामासा सुचतोच. आतही सातव्या-आठव्या प्रकरणाच्या सुमाराला बेडूक वाहत वाहत समुद्रावर जातो, तिथे ऑक्टोपसकाकांकडे दोन दिवस राहतो आणि ताजातवाना होऊन परत येतो. असली पुस्तकं नाकारू नयेत. उलट मुद्दाम घ्यावीत. शास्त्रशुद्ध कादंबरी मुलं मुकाट्याने ऐकतात. चुकीची कादंबरी असली की लेखकाला पकडायला अख्खा वर्ग टपून बसतो, आणि मोठ्या माणसाची छापील चूक सापडण्यासारखं सुख चौथीत दुसरं नाही.

ऑक्टोपसकाकांचा निकाल काकडीने लावता येतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे. एका वाडग्यात तेवढं खारट पाणी, दुसऱ्यात साधं. दोन्हींत काकडीच्या पातळ चकत्या टाकायच्या आणि अर्धा तास थांबायचं. साध्या पाण्यातली चकती ताठ राहते, खाऱ्यातली मान टाकते. कोशिंबिरीला पाणी का सुटतं हे घरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे फार समजवावं लागत नाही. बेडूक पाणी तोंडाने पीतच नाही, कातडीतून घेतो. अशी कातडी घेऊन तो समुद्रात उतरला तर त्याची कोशिंबीर होणार. प्रयोगात अडचण एकच येते. अर्धा तास संपायच्या आत साध्या पाण्यातल्या चकत्या नाहीशा होतात. दहा लागणार असतील तर पंचवीस कापाव्यात, आणि खारट वाडगा पहिल्या बाकापाशी ठेवावा. तिथला माल कुणी खात नाही. फार तर एकदा.

शाळा खाडीकाठची असेल तर बेडकाचा हट्ट सोडावा आणि निवटीची गोष्ट शोधावी, नाही मिळाली तर रचावी. ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरणारा हा मासा आहे. गालफडात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. 'मासा पाण्याबाहेर मरतो' हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं की तिथली मुलं वर्गातल्या वर्गात खोडतात.

आता वेळापत्रक. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात जूनच्या शेवटी. कादंबरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी आणि दिवाळीच्या सुट्टीआधी संपवावी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बेडूक अंडी घालतात, त्यामुळे पुस्तकातला नायक आणि डबक्यातला नायक एकाच वेळी वाढत असतात. तेच पुस्तक मार्चमध्ये काढलं तर तळं दाखवायला नेल्यावर भेगा पडलेली जमीन दिसते. एप्रिलात तर गावतळ्यात क्रिकेट चालतं. तोही अधिवासच म्हणायचा, पण परीक्षेला येत नाही.

वाचन एका वेळी दहा-बारा मिनिटांचं, त्याहून जास्त नाही. मोठ्याने वाचताना तेवढ्या वेळात हजार-बाराशे शब्द होतात, म्हणजे एक लहान प्रकरण. थांबायचं मात्र नेमक्या जागी. बगळ्याने चोच उचलली की पुस्तक मिटायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे. हे खरंच होईल का? आणि हा राहतो कुठे? तिसरा प्रश्न विचारू नये, कारण तिसऱ्या प्रश्नावर कुणाच्या तरी मामाच्या विहिरीत निघालेल्या अजगराची गोष्ट सुरू होते आणि तास संपतो.

'राहतो कुठे'साठी भिंतीवर दोन मीटर लांबीचा खाकी कागद लावायचा आणि त्यावर तळ्याचा उभा छेद काढायचा: काठ, पाण्याचा पृष्ठभाग, मधलं पाणी, तळाचा गाळ. गोष्टीत पात्र आलं की त्याच्या नावाची चिठ्ठी आपापल्या मजल्यावर डकवायची. इथे आपली मायमराठी बाईंच्या जिवावर उठते. चतुर नावाचा कीटक खरंच हुशार असतो का, इथून सुरुवात होते. त्याची नाजूक भावकी म्हणजे टाचणी. बसल्यावर चतुर पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा मिटून पाठीवर धरते, हा फरक मुलांना एका दमात कळतो. पण 'टाचणीला टाचणी लाव' म्हटल्यावर जो गोंधळ होतो, त्यापेक्षा खळ परवडली. वंचक हा बगळ्याचा मातकट भाऊबंद. काठावर बसला की चिखल वाटतो, उडाला की पांढराशुभ्र. नाव ऐकूनच वर्ग त्याला खलनायक ठरवतो. त्याचा गुन्हा एवढाच की त्याला भूक लागते.

बेडकाची चिठ्ठी कुठे लावायची यावरून दोन तट पडतात. पडू द्यावेत. पिल्लू असताना कल्ले आणि मधलं पाणी, मोठेपणी फुप्फुसं, कातडी आणि काठ. शेवटी चिठ्ठीला दोरा बांधून दोन मजल्यांवर फिरती ठेवावी लागते. अधिवास म्हणजे कायमचा पत्ता नव्हे, हे त्या दोऱ्याने जितकं कळतं तितकं माझ्या व्याख्येने कळत नाही.

मग तळ्यावर जाणं. पालकांची संमतिपत्रं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यावी. आठ मुलांमागे एक मोठं माणूस असावं. मुलं काठावर, पाण्यात फक्त गाळणी. स्वयंपाकाची मोठी गाळणी दीड मीटरच्या बांबूला तारेने घट्ट बांधायची. सुतळीने बांधली तर पहिल्याच फेरीत गाळणी तळ्याला अर्पण होते. सोबत पांढरा पसरट टब हवा, कारण रंगीत टबात किडे दिसत नाहीत. टबात चार बोटं तळ्याचं पाणी, गाळणी पाणवनस्पतींच्या मुळांपाशी दोनदा फिरवून त्यात पालथी, आणि मग दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. ही दहा मिनिटं कशी मिळवायची हे अजून कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. पहिली दोन मिनिटं टबात नुसता कचरा दिसतो. मग कचरा चालू लागतो.

आणि त्यातून चतुराचं पिल्लू निघतं. हे पिल्लू पाण्यातच वाढतं, श्वास मागच्या बाजूने घेतं, आणि घाई झाली की तिथूनच पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकतं. एवढं सांगितलं की त्या दिवसापुरतं शिकवणं संपतं. पुढचा अर्धा तास चाळीस मुलं तोंडाने तसला आवाज काढत सटकत असतात. त्या गदारोळात पिल्लाचा खालचा ओठ, जो घडीच्या हातासारखा दुमडलेला असतो, झटकन पुढे येतो आणि टबातल्या बेडकाच्या पिल्लाला धरतो. शांतता. मग एकजण रडवेल्या आवाजात म्हणतो, "बाई, आपल्या हिरोला खाल्लं."

सांत्वन करू नये. भिंतीवरच्या दोन चिठ्ठ्यांमधे एक बाण काढायला सांगावं. अन्नसाखळी अशी अश्रूंसकट शिकली की पक्की होते.

बेडकाची पिल्लं वर्गात आणू नयेत. एक तर बेडकांच्या कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि पिल्लावरून जात ओळखणं आपल्या बसची बात नाही. कासवाचा तर विचारच नको. टबात बघायची, तिथेच सोडायची, पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत परत जाऊन बघायची. पुढचे पाय फुटले की शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते. त्या दिवसांत ते पिल्लू काही खात नाही, शेपटीवरच भागवतं. घरचा डबा अंगालाच लावलेला, ही गोष्ट मुलांना फार पटते.

वर्गात ठेवायची ती बरणी. रुंद तोंडाची, वीस लिटरची असेल तर उत्तम. तळाला दोन बोटं वाळू, पाच-सहा वेळा नुसत्या पाण्याने धुतलेली. साबण लावून धुतली तर सगळंच मुसळ केरात. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मग ओतायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पाच-सहा काड्या. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात.

दुसऱ्या दिवशी बरणीत खिचडी सापडते. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि वास सुटतो. बुरशी-जिवाणू खिचडीवर ताव मारतात आणि प्राणवायू तेच संपवतात. भूक कुणाची, पंगत कुणाची. अन्न उपसून काढायचं, एक तृतीयांश पाणी बदलायचं, आणि 'भूतदया मधल्या सुट्टीत करू नये' अशी पाटी लावायची.

आठवड्याने त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी 'कोरडा दिवस पाळा' सांगायला आरोग्य विभागाची माणसं दारात उभी राहतात. बरणीवर जुन्या ओढणीचं फडकं रबराने बांधलेलं असतं तर ही वेळ येत नाही, पण ते फडकं मुलांनी फळा पुसायला नेलेलं असतं. यावर उपाय आरोग्य केंद्रातच मिळतो: गप्पी मासे. सहा पुरेत. अळ्या दोन दिवसांत फस्त.

आता कादंबरीतल्या मासोळीने कमळाच्या देठाशी अंडी घातलेली असतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. मुलं लेखकाला पुन्हा पकडतात. इथे लेखक निर्दोष आहे, बहुतेक मासे अंडीच घालतात, हे सांगायला वकील व्हावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस पिल्लांची बारा झालेली असतात आणि आईचं पोट गोल असतं. या धक्क्यापुढे बगळा अगदी संत वाटतो. पण मग एकीच्या लक्षात येतं की उरलेली बारा सगळी हायड्रिलाच्या जाळीत आहेत. निवारा हा शब्द मी फळ्यावर लिहायच्या आत तिने तो दाखवलेला असतो. खिचडी टाकणाऱ्याच मुलांना आता आणखी हायड्रिला हवी असते.

शेवटच्या प्रकरणात सगळे प्राणी मिळून बगळ्याला कायमचं हाकलून देतात आणि तळ्यावर आनंदीआनंद होतो. हे वाचल्यावर जुलैत टाळ्या पडल्या असत्या. ऑक्टोबरात हात वर होतात. मग इतके मासे खाणार काय? आजारी माशाला उचलणार कोण? शेवटचं प्रकरण मुलांनी नव्याने लिहून काढायचं, हा गृहपाठ. बहुतेक वह्यांत बगळ्याला सन्मानाने परत बोलावलेलं असतं, एका वहीत तर पगारावर.

उरतात गप्पी. ते तळ्यात किंवा नदीत सोडायचे नाहीत. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे पाहुणे आहेत, सोडले तर इथल्या माशांची जागा बळकावतात. ते केंद्रातच परत द्यायचे. परत देण्याआधी कागदोपत्री नोंद हवी, आणि शाळेत आलेल्या वस्तूची नोंद व्हायची एकच जागा, डेडस्टॉक रजिस्टर. 'प्राप्त: ६.' शिल्लक किती, हे सकाळी मोजलं तर एकतीस, मधल्या सुट्टीनंतर अठ्ठावीस. तीन नगांचं काय झालं, या रकान्यात 'आईने खाल्ले' असं लिहिलेलं तपासणीत चालतं का, एवढं कुणी सांगितलं तर बरं होईल.