या हो या, पठार आपलंच आहे

सप्टेंबर लागला की मला मेसेज यायला लागतात. कासला फुलं आली का रे? कधी यावं? गर्दी असते का? दहा वर्षांत ज्यांनी एक फोन केला नाही असल्या कॉलेजच्या मित्रांनापण सप्टेंबरात मी बरोब्बर आठवतो, कारण मी साताऱ्यात राहतो आणि कासचं फुलांचं पठार माझ्या गच्चीवर आहे असा त्यांचा समज असावा. तर प्रत्येकाला वेगळं टायपत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. गेल्या शनिवारी घाटात बसून बसून विचार करायला वेळ भरपूर मिळाला, त्याचं हे फळ.

पहिलं म्हणजे यायचं ते शनिवार-रविवारीच. मंगळवारी-बुधवारी फुलं तीच असतात, धुकंही तेच असतं, पण समोर माणसं नसतात. मग फोटो बघून जळणार कोण?

ऑनलाइन बुकिंग वगैरे अजिबात करू नका. सरळ गेटवर यायचं आणि तिथल्या पोराशी भांडायचं. तो आसपासच्याच एखाद्या गावातला असतो, पठार सांभाळणाऱ्या समितीनं उभा केलेला, सकाळपासून पावसात भिजलेला. त्याला सांगायचं की आम्ही पुण्यावरनं आलोय. (पुणं म्हणजे जणू लंडन. दीडशे किलोमीटर पण नाही हो.) तरी ऐकेना तर "साहेबांना फोन लावू का?" दिवसाला ३,००० माणसं सोडायची असा नियम आहे, पण तो पठाराला आहे, घाटाला नाही, त्यामुळे तीन हजार आत आणि बाकीचे सगळे रस्त्यावर असा छान तोडगा आपोआप निघतो.

फुलांबद्दल. तेरड्याचा गुलाबी पट्टा दिसला की त्यात आडवं व्हायचं. पायवाट आखलेली असते, ती भित्र्या लोकांसाठी. खाली सगळा जांभा, त्याच्यावर बोटभर माती, त्या मातीत साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती, बी धरायच्या आधी तुडवलं की पुढच्या वर्षी तिथं नुसता दगड, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. तुमचं वजन ऐंशी किलो, त्यानं असं काय होणार? सीतेची आसवं नावाचं ते निळं-जांभळं फूल बघितलंत ना, ती वनस्पती बारीक बारीक किडे खाते. फक्त किडेच खाते, एवढाच काय तो तिच्यात दोष. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे, सातारेन्सिस, पण तो डबक्यात उगवतो आणि सेल्फीत नीट येत नाही, त्यामुळे डबक्यात बिनधास्त उड्या मारा. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सात वर्षं थांबलीय बिचारी, तिला उपटून केसात माळून तिचं सार्थक करा.

कुंपण असेल तर म्हणायचं निसर्ग कैद केला. कुंपण काढलं तर म्हणायचं, बघा, कुणी अडवलंच नाही.

कास तलावाकाठी बाटल्या फोडायला हरकत नाही. ते पाणी साताऱ्याला प्यायला जातं, तुम्हाला नाही.

आणि हो, रस्त्यात थांबायचं. पार्किंगमध्ये गाडी लावून चालत येणं हे कमीपणाचं आहे. ऐन वळणावर उभी करायची, चारी दारं उघडायची, डिकीपण उघडायची, स्पीकर लावायचा आणि डांबरावर नाचायचं. मागून येणारे हॉर्न वाजवतात ते तालासाठी वाजवतात असं समजा. त्या रस्त्यावरनं दुसरं कोण जात असणार? जगात कासच्या पुढं काही नाहीच ना! तिकडं बामणोली नाही, जावळीतली गावं नाहीत, दुधाची गाडी नाही, शाळेत जाणारी पोरं नाहीत, बाळंतपणाला निघालेली बाई नाही. आणि आमची आत्या तर नाहीच नाही.

आता आत्याचं सांगतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याचे डॉक्टर महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी साताऱ्यात येतात, अकराची वेळ दिलेली. आम्ही आठला बामणोलीच्या अलीकडनं निघालो, एरवी दीड तासात पोचतो माणूस. आतेभाऊ जीप चालवत होता, आत्या मांडीवर गाठोडं घेऊन पुढं, मी मागं. कासच्या अलीकडं जे अडकलो ते अडकलोच. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, मधनं एकच गाडी जाईल एवढी जागा, आणि त्या जागेत एक पांढरी मोठी गाडी आडवी घालून चौघं ड्रोन उडवत होते. खाली उतरून म्हटलं, रस्ता सोडा हो, पेशंट आहे गाडीत. त्यातला एकजण, केस बांधलेला, मला म्हणतो, "दादा, दोन मिनिटं, लाइट चाललाय."

लाइट चाललाय! माझ्या आत्याच्या डोळ्यातला चाललाय त्याचं काय रे?

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं, घाटात अडकायची आम्हाला सवय झालीय. पण आत्या पाय मोकळे करायला खाली उतरली. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळावर हे एवढं कुंकू. केसवाला पळत आला. "आजी, ते गाठोडं जरा डोक्यावर घ्या ना, आणि असं फुलांमधनं चालत या, एकदम ऑथेंटिक वाटेल." तिला त्याचं तोंड काही धड दिसत नव्हतं. तिला वाटलं पोरगं वाट विचारतंय. ती हसली आणि हात लांब करून त्याला सांगायला लागली, आसं खाली गेलास की बामणोली, तिथनं लाँच मिळती, जेवून जा पण. आणि ते येडं हे सगळं शूट करत होतं.

पुढं यवतेश्वरच्या घाटात अडीच तास. दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेलेले, डॉक्टर पुण्याला परत निघालेले. तिथल्या बाईंनी वर ऐकवलं, "लवकर निघायचं ना."

बरं, पुढची टीप. येऊन जाऊन कंटाळा आला की इथं प्लॉट घ्या. 'लेक व्ह्यू' असा शब्द आहे, तो एजंटला म्हणायचा, की तो लगेच गाडीत बसवतो. शिवसागर म्हणजे कोयनेचं अडवलेलं पाणी. त्या व्ह्यूच्या तळाशी आत्याच्या सासरचं जुनं गाव आहे, देऊळ आहे, खाचरं आहेत. धरण झालं तेव्हा ही माणसं डोंगरावर वर सरकली, म्हणजे लाइट महाराष्ट्राला आणि डोंगर यांना. आता तो डोंगरपण गुंठ्यावर विकायला निघालाय. खाली एवढं पाणी दिसतं आणि मे महिन्यात वर बायका हंडे घेऊन झऱ्यावर रात्रीच्या बसतात, त्याच रस्त्यानं रिसॉर्टच्या स्विमिंग पूलला टँकर चढतो. पण तुम्ही काय पूलमधनं ते बघणार नाही, मध्ये बांबूची शेड केलेली असते. गावरान लुक.

रोजगार मिळतो म्हणता ना? मिळतो की. आमच्या आतेभावाला मिळाला. त्यानं वीस गुंठे विकले, त्यात ही जीप घेतली, आणि आता त्याच वीस गुंठ्यांवर जे झालंय तिथं रात्रीचा वॉचमन आहे. सीझनला हीच जीप पर्यटकांना फिरवते. म्हणजे परवा आम्ही ज्या गर्दीत अडकलो ती गर्दी आणणाऱ्या जीपमध्येच बसून अडकलो होतो, आणि आतेभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून गप्प होता, कारण बोलणार काय? मीही गप्प. मागच्या वर्षी माझ्या साहेबांच्या पाहुण्यांना मीच घेऊन आलो होतो की, शनिवारीच, आणि गाडी रस्त्याकडेलाच लावली होती. पाचच मिनिटं.

मक्याचं कणीस खाऊन झालं की बुरखुंडा दरीत फेकायचा. तो कुजतो. त्याच्यामागनं वेफर्सची पिशवी फेकायची, ती पण कुजत असेल.

जाऊ दे. मला नाही जमत हे उपरोधिक वगैरे. सरळच सांगतो. २०१२ साली युनेस्कोनं कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं तेव्हा आम्ही इथं पेढे वाटले होते. तेव्हा वाटलं नव्हतं की आपल्याच आत्याला आपल्याच रस्त्यावरनं दवाखान्यात नेता येणार नाही. तुम्हाला येऊ नका असं कुणी म्हणत नाहीये. पण अरे, गाडी कडेला तर लावा! बुकिंग करा, नाही मिळालं तर नका येऊ त्या दिवशी, फुलं काय पळून चाललीत का, महिना-दीड महिना असतात. पायवाट सोडू नका. आपला कचरा आपल्या डिकीत घालून आपल्या घरी न्या, आमच्या पिण्याच्या पाण्यात नको. आणि कुणाच्या म्हातारीला डोक्यावर गाठोडं घे म्हणायच्या आधी तिला विचारा, कुठं निघालीस म्हणून. दोन मिनिटं लागतात. तेवढा लाइट असतो.

व्हिडिओ कुणाला दिसला तर मला पाठवा, मला त्यातला एकच माणूस हवाय. आत्याला रोज वाटतंय की ते पोरगं बामणोलीला नीट पोचलं असेल का.

पुढची तारीख ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारची मिळालीय. सीझन तेव्हाही चालूच असेल. आम्ही पहाटे चारला निघणार आहोत.