'गोळीने किडनी जाते' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"शुगर हा आजारच नाही. कंपन्यांनी 140 चा आकडा 126 केला आणि कोट्यवधी लोक पेशंट झाले. गोळ्यांनी किडनी जाते. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. साखर सोडा, गूळ खा, कारल्याचा रस प्या, गोळ्या फेका." नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो आणि लोक खरंच गोळ्या थांबवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आकडा बदलला, हे खरं. 1997 साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने मधुमेह ठरवणारी उपाशीपोटीच्या रक्तातल्या साखरेची मर्यादा 140 वरून 126 वर आणली. कारण मेसेजमध्ये नाही: 140 च्या खाली साखर असलेल्यांच्याही डोळ्याचे पडदे बिघडलेले आढळत होते.

किडनीचं उलटं आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी किडनी बिघडवत नाही, ती किडनीवाटे बाहेर पडते. त्यामुळे किडनीचं काम आधीच मंदावलं असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, फारच मंदावलं तर गोळी बंद करतात. घरच्यांना दिसतं एवढंच की किडनीचा रिपोर्ट वाईट आला आणि गोळी थांबली. मधलं कुणी समजावत नाही. किडनीला मारते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि तिच्या जोडीचं ब्लडप्रेशर. ब्रिटनमध्ये 5,000 हून अधिक रुग्णांवर झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. औषधांनी साखर अधिक काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे 25 टक्क्यांनी कमी होत्या.

इन्सुलिनबद्दलच्या भीतीचा दोष मात्र मी मेसेजवर ढकलणार नाही. "पथ्य पाळा, नाहीतर इंजेक्शन लावीन," हे वाक्य डॉक्टरांच्या खुर्चीतूनच येतं. मग ज्या दिवशी इन्सुलिन खरंच लागतं, त्या दिवशी पेशंटला ती शिक्षा वाटते. वास्तविक गरोदरपणातल्या मधुमेहात, ऑपरेशनच्या वेळी, मोठ्या जंतुसंसर्गात इन्सुलिन सुरू होतं आणि अनेकांचं नंतर बंदही होतं. टाइप 1 (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेल्या मुलाचं मात्र ते कधीच थांबवायचं नसतं, जीव जातो. हा फरक सांगायला डॉक्टरांनीही शिकावं लागतं. सुई कुठे टोचायची, जागा का बदलायची, साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे चिठ्ठीवर लिहून भागत नाही, करून दाखवावं लागतं. आणि मधुमेहात पायही तपासावे लागतात, पण मोजे काढायला लावून ते किती दवाखान्यांत पाहिले जातात?

गूळही मुख्यतः साखरच आहे. कारलं भाजी म्हणून खुशाल खा, गोळीच्या जागी नको.

औषधं सुटूच शकत नाहीत असं नाही. ब्रिटनमधल्याच डायरेक्ट अभ्यासात (2017) वजन उतरवून जवळजवळ निम्म्या लोकांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय मर्यादेत होती. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिनवर असलेले त्यात नव्हते, आणि प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ सोबत होते. मेसेज वाचून गोळ्या फेकणं वेगळं.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या 2023 च्या अहवालात देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रमाण सर्वाधिक गोव्यात, 26.4 टक्के. तुमच्या घरात कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर ओरडू नका. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि किडनीसाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासून रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, आणि गोळी का, किती दिवस, हे तिथेच बसून विचारा.