गळ्याची सोनोग्राफी ही घशाच्या कर्करोगाची तपासणी नव्हे

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : घशाचा कॅन्सर साध्या सोनोग्राफीत पहिल्याच टप्प्यात दिसतो, त्यामुळे घशात नळी घालून आतून पाहण्याच्या दुर्बिणीची गरज उरलेली नाही, रिपोर्ट नॉर्मल आला की निश्चिंत राहावे, तुकडा काढून तपासल्याने कॅन्सर पसरतो, आणि म्हणून चाळिशीनंतर प्रत्येकाने दरवर्षी गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. ज्याचा आवाज बसलेला आहे अशा माणसाने यावर विश्वास ठेवला तर त्याचे काही महिने वाया जातील, आणि या आजारात तेवढा काळ फार मोठा असतो. म्हणून यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान लवकर निदानाचे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी मऊ ऊतींमधून चांगल्या पुढे जातात, पण ऊती आणि हवा जिथे भेटतात तिथे त्या जवळजवळ पूर्णपणे परततात. प्रोब, म्हणजे गळ्यावर फिरवायचे उपकरण, आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणूनच तपासणीआधी जेल लावतात. घसा आणि स्वरयंत्र यांच्या आत तर हवाच असते, त्यामुळे त्या पोकळीपलीकडची भिंत बाहेरून ठेवलेल्या प्रोबला दिसत नाही. शिवाय स्वरयंत्राभोवतीची कूर्चा वयानुसार कॅल्शियम साचून हाडासारखी कठीण होत जाते, आणि पुरुषांमध्ये हे अधिक प्रमाणात होते. स्वरयंत्राचा कर्करोग ज्यांच्यात जास्त आढळतो त्या वयस्क पुरुषांच्या गळ्यातच सोनोग्राफीची वाट अशी अडते. घशाचे बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतात, आणि सुरुवातीला तिथे काही मिलिमीटरचा पांढरट किंवा लालसर चट्टा एवढेच असते. तो रंग आणि स्वरतंतूंवरचा तो किंचित खडबडीतपणा डोळ्यांनीच पाहावा लागतो, म्हणजेच दुर्बिणीतून.

हेही नोंदवले पाहिजे की अनुभवी रेडिऑलॉजिस्टला हनुवटीखालून जिभेचा मागचा भाग किंवा टॉन्सिलमधील मोठी गाठ दिसू शकते, आणि जिभेच्या कर्करोगाची खोली मोजण्यासाठी तोंडात घालायचे छोटे प्रोबही वापरले जातात. ती खोली ५ मिलिमीटरपेक्षा कमी की १० पेक्षा जास्त, यावरही आता त्या आजाराचा टप्पा ठरतो. मात्र हा उपयोग आजार सापडलेल्या किंवा दाट संशय असलेल्या रुग्णापुरता आहे. निरोगी दिसणाऱ्या माणसात दडलेला रोग शोधून काढणे हे निराळे काम आहे.

नॉर्मल रिपोर्टवर निश्चिंत राहण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. गळ्याच्या सोनोग्राफीत मुख्यतः थायरॉइड, लाळग्रंथी आणि लसिकाग्रंथी, म्हणजे ज्यांना आपल्याकडे अवधाण म्हणतात त्या गाठी, तपासल्या जातात. स्वरतंतूंमध्ये लसिकावाहिन्या फारच विरळ असतात, त्यामुळे तिथला सुरुवातीचा कर्करोग गळ्यातील गाठींपर्यंत क्वचितच पोहोचतो. अशा रुग्णाचा रिपोर्ट स्वच्छ येईल आणि कर्करोग मात्र स्वरतंतूवर असेल. याच टप्प्यावर रेडिएशनने किंवा लेझर शस्त्रक्रियेने दहापैकी सुमारे नऊ रुग्णांचा आजार आटोक्यात येतो. म्हणजे जिथे बरे होण्याची संधी सर्वाधिक, नेमके तिथेच हा रिपोर्ट खोटा दिलासा देतो. स्वरयंत्राच्या वरच्या भागात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारे कर्करोग याउलट लवकर गाठींत उतरतात, आणि तिथे सोनोग्राफी खरोखर उपयोगी पडते. तरीही हाताला गाठ लागत नाही म्हणजे गाठींत रोग नाही, असे म्हणता येत नाही. तोंडाच्या कर्करोगावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताला गाठी न लागणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या गळ्यातील लसिकाग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यातील ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत जुनी आहे. बारीक सुईने पेशी घेताना रोग सुईच्या वाटेने पसरणे अत्यंत दुर्मीळ आहे. न तपासता, न उपचार करता ठेवलेला रोग मात्र पसरतोच. या समजुतीमागे एक खरी गोष्ट आहे. घसा आतून न पाहता गळ्यातील गाठ थेट कापून काढू नये, असे तज्ज्ञ सांगतात, कारण त्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून आधी दुर्बीण, मग सुई असा क्रम असतो. आपल्या देशात गळ्यातील गाठ क्षयरोगाचीही असते, आणि सोनोग्राफीत ती कर्करोगाच्या गाठीसारखी दिसू शकते. पेशी न तपासता कोणता डॉक्टर रेडिएशन किंवा केमोथेरपी सुरू करील? ती सुई नेमकी गाठीत जावी म्हणून सोनोग्राफीचाच आधार घेतात. संदेशात एकमेकींच्या विरोधात उभ्या केलेल्या या दोन तपासण्या प्रत्यक्षात एकाच टेबलावर बरोबरीने होतात.

दरवर्षी सरसकट सोनोग्राफी केल्यास काय होते, हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. तिथे १९९९ पासून सरकारी कर्करोग तपासणी मोहीम चालू झाली आणि तिच्या जोडीला थोडे जादा पैसे घेऊन थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले, त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक माणसांना कर्करोग असल्याचे सांगितले गेले, पण त्या आजाराने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. याचा अर्थ असा की सापडलेल्या बहुतेक गाठींनी त्या माणसांना जन्मभर कधीच त्रास दिला नसता. त्यांच्यावर शस्त्रक्रिया मात्र झाल्या. सुमारे ११ टक्के रुग्णांच्या पॅराथायरॉइड, म्हणजे थायरॉइडलगतच्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या आणि सुमारे २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा आला. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेसाठीच्या तज्ज्ञ समितीने २०१७ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांची थायरॉइड कर्करोगासाठी तपासणी करू नये, असाच सल्ला दिला. आपल्याकडचा पुरावा वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते उजेडात तोंड तपासले, आणि तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

राहिला दुर्बिणीचा धसका. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, लवचीक नळी आत सरकवतात. बहुतेकदा भूल लागत नाही, काही मिनिटांत तपासणी संपते आणि रुग्ण चालत घरी जातो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, घास अडकत असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, एकाच कानात कारण नसताना दुखत असेल किंवा गळ्यात न दुखणारी गाठ आली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन पहिल्यांदा हीच तपासणी करून घ्यावी. तंबाखू, विडी, मिश्री किंवा दारू यांची सवय असेल तर एक आठवडाही लांबणीवर टाकू नये. सोनोग्राफी कधी आणि कशासाठी करायची, हे त्यानंतर ते डॉक्टर ठरवतील.